झाडाजवळ ड्रोन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

छोट्या, छंदाच्या ड्रोनबद्दल बडोद्यातून आणि आसपासच्या गावांतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे झाड आहेच. वडाच्या नावाने वसलेल्या गावात ते साहजिकही आहे.

प्रश्न (मांजलपूर) : माझ्याकडे २४९ ग्रॅमचा जीपीएसवाला ड्रोन आहे. तो सोसायटीतल्या कडुनिंबाच्या मागे गेला आणि मोबाइलवरचं चित्र अडकलं. मी लगेच ‘घरी परत’चं बटण दाबलं. परतीची उंची ३० मीटर ठेवली होती, झाड फार तर १४ मीटरचं आहे. तरी ड्रोन सरळ फांद्यांत घुसला. दोष ड्रोनचा की माझा?

उत्तर : दोष सेटिंग समजून घेण्यात राहिला आहे. परतीची उंची नेहमीच लागू होते असं नाही. काही मॉडेलमध्ये ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून साधारण २० मीटरच्या आत असला, तर परतताना तो वर चढतच नाही. आहे त्याच उंचीवर सरळ रेषेत निघतो, नाहीतर जागच्या जागी उतरू लागतो. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये झाड होतं, म्हणून सरळ रेषा झाडातून गेली. आपल्या मॉडेलसाठी हे अंतर किती आहे ते माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा. सोसायटीच्या आवारातलं बहुतेक उडवणं याच अंतराच्या आत होतं, त्यामुळे तिथे या बटणावर भरवसा ठेवू नये.

दुसरी शक्यता अशी, की ड्रोन पसरलेल्या फांदीच्या खाली होता. परतीचा हुकूम मिळाला की ड्रोन आधी उभा वर जातो. डोक्यावर काय आहे हे त्याला कळत नाही, कारण लहान ड्रोनला वर पाहणारा सेन्सर बहुधा नसतो. समोर सेन्सर असला तरी पेन्सिलीपेक्षा बारीक काडी आणि उन्हाच्या दिशेने असलेली पानं त्याला नीट दिसत नाहीत. म्हणून आमचा आग्रह एकच आहे : ड्रोनच्या डोक्यावर सतत मोकळं आकाश असू द्या. झाडाच्या बाजूने उडवा, वरून उडवा, पण फांद्यांखाली नेऊ नका.

तुमचं चित्र अडकलं त्याचं कारण पानांतलं पाणी. ते रेडिओ लहरी शोषून घेतं. ड्रोन आणि रिमोट ज्या दोन पट्ट्यांवर बोलतात त्यांपैकी ५.८ गिगाहर्ट्झवर हा तोटा २.४ पेक्षा जास्त होतो आणि पाऊस पडून गेल्यावर, पानं ओली असताना, आणखी वाढतो. दाट आंबा किंवा वड मध्ये आला की मोकळ्या मैदानात मिळणाऱ्या पल्ल्याचा काही उपयोग राहत नाही. अशा वेळी बटण दाबायची घाई न करता दोन पावलं बाजूला सरका म्हणजे ड्रोन नजरेत येईल. रिमोटच्या अँटेनाची सपाट बाजू ड्रोनकडे हवी, टोक नव्हे. संपर्क तुटल्यावर काय करायचं याचे सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात : परत ये, जागेवर थांब, उतर. झाडाजवळ काम करताना ‘जागेवर थांब’ ठेवा, म्हणजे चालत जाऊन संपर्क जोडायला वेळ मिळतो. मोकळ्यावर गेल्यावर ते ‘परत ये’वर आणा आणि उंची सर्वांत उंच झाडापेक्षा १० मीटर जास्त ठेवा.

उड्डाणही झाडाखालून करू नका. पानांखाली उपग्रह कमी दिसतात, आणि जे दिसतात त्यांचे संकेत भिंतींवरून, खोडावरून आपटून येतात. त्यामुळे ‘घर’ म्हणून नोंदली जाणारी जागाच काही मीटर चुकते. चारी बाजूंनी ५ मीटर मोकळी जागा घ्या, किमान १० उपग्रह दिसू द्या, ‘होम पॉइंट नोंदला’ हा संदेश आला की मगच वर चढा.

आणखी एक. झाडाला धडक बहुतेक वेळा ड्रोन पुढे जाताना बसत नाही. चित्रात झाड नीट बसावं म्हणून आपण मागे मागे सरकत असतो, नजर मोबाइलवर असते, आणि मागे दुसरं झाड उभं असतं. मागे किंवा आडवं सरकायचं असेल तेव्हा डोळे ड्रोनवर ठेवा. चित्र नंतरही पाहता येतं.

प्रश्न (कारेलीबाग) : मुलाचा ८० ग्रॅमचा जीपीएस नसलेला ड्रोन घरात छान स्थिर राहतो. अंगणात चिंचेखाली मात्र एका बाजूला वाहत जातो आणि मध्येच उंची बदलतो.

उत्तर : हा ड्रोन पोटाखालच्या छोट्या कॅमेऱ्याने जमिनीचं चित्र पाहून जागा धरतो. चिंचेखालच्या जमिनीवर उन्हाचे कवडसे असतात आणि पानं हलली की तेही हलतात. ड्रोनला वाटतं आपणच सरकलो, म्हणून तो उलट दिशेला जातो. संध्याकाळी उजेड कमी झाला की हाच कॅमेरा आंधळा होतो. उंची बदलण्याचं कारणही तसंच : खाली झुडूप किंवा कट्टा आला की खालचं अंतर मोजणारा सेन्सर त्यालाच जमीन समजतो. एकरंगी फरशी आणि साचलेलं पाणी यांवरही तो असाच गोंधळतो. वारा नसलेली सकाळ, खडबडीत मातीची किंवा गवताची जमीन आणि २ ते ३ मीटर उंची या तीन गोष्टी जमल्या तर ड्रोन नीट राहील.

कारेलीबागेसाठी एक स्वतंत्र सूचना. हरणीचं विमानतळ तुमच्या जवळ आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या क्षेत्राची, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या आकाशाची, मर्यादा ६० मीटर आहे, त्यापलीकडे १२० मीटर. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचं नाही. सयाजीबाग, फतेगंज, कारेलीबाग हे सगळं विमानतळाच्या जवळचं. कोयलीच्या रिफायनरीच्या बाजूलाही आधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. मुलाला शिकवायचं असेल तर बंद हॉल उत्तम.

प्रश्न (वाघोडिया रस्ता) : ड्रोन आसोपालवाच्या शेंड्यात साधारण १२ मीटरवर अडकला आहे. दगड मारून पाडावा का?

उत्तर : नाही. दगड ड्रोनला लागला तर कॅमेरा स्थिर धरणारी गिंबल तुटते, बॅटरीला लागला तर आग लागू शकते, आणि चुकला तर तो कोणाच्या तरी अंगणात पडतो.

ड्रोन अडकल्याक्षणी मोटारी बंद करायच्या असतात : रिमोटची डावी काडी पूर्ण खाली ओढून तीन सेकंद धरायची, किंवा मॉडेलप्रमाणे दोन्ही काड्या आत-खाली. पातं अडकलेलं असताना जोर दिला तर मोटारीतली तारेची वेटोळी किंवा मोटारीचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर काही सेकंदांत जळतो. अ‍ॅप मात्र बंद करू नका. बॅटरी आहे तोवर कॅमेरा चालू असतो. समोर कोणती फांदी दिसते, कोणती खिडकी दिसते, याचे स्क्रीनशॉट काढा आणि नकाशावरची शेवटची जागा टिपून ठेवा. दाट झाडात हिरव्या-करड्या रंगाचा ड्रोन खालून शोधणं फार अवघड असतं.

मग वर, खाली, चौफेर विजेच्या तारा आहेत का ते पाहा. असतील तर काठी, दोर काहीही वापरू नका, बांबूसुद्धा नाही, कारण ओला बांबू वीज वाहतो. वीज कंपनीला कळवा आणि थांबा. तारा नसतील तर दोन उपाय आहेत. ७-८ मीटरपर्यंत आंबे उतरवायचा झेला पुरतो. ड्रोन खालून ढकलायचा नाही, तो ज्या काडीवर टेकला आहे ती काडी हलवायची. तुमच्या १२ मीटरला झेला पोहोचणार नाही. तिथे २ मिलिमीटरच्या नायलॉन दोरीच्या टोकाला १०० ते १५० ग्रॅम वाळूची कापडी पिशवी बांधा आणि ड्रोनच्या वरच्या फांदीपलीकडे फेका. पिशवी खाली आली की दोन्ही टोकं धरून लहान लहान झटके द्या. खाली चौघांनी चादर ताणून उभं राहायचं. आसोपालव सरळसोट आणि लवचिक असतो, त्यामुळे पूर्ण शेंडा हलतो आणि हा उपाय चांगला लागू पडतो. गुलमोहर आणि शेवगा यांवर मात्र दोर नको आणि माणूसही चढवू नका. त्यांच्या फांद्या इशारा न देता मोडतात.

ड्रोन खाली आला की आधी बॅटरी काढा. चेमटली, फुगली किंवा गोडसर वास येत असेल तर ती पुन्हा चार्ज करायची नाही. घराबाहेर फरशीवर किंवा वाळूत ठेवून लक्ष ठेवायचं आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. रात्रभर झाडावर चालू राहिलेली बॅटरी प्रत्येक सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेली असेल तर तीही गेलीच समजा. प्रत्येक मोटार बोटाने फिरवून पाहा. पात्याखाली सालीचे तंतू गुंडाळलेले सापडतात, ते चिमट्याने काढा. पातं नखाएवढं जरी चिरलं असेल तरी बदला, आणि बदलताना अ आणि ब खुणा जुळवा. उलटं पातं बसलं तर ड्रोन उडता उडताच पलटतो. मग १ मीटरवर दोन मिनिटं स्थिर ठेवून उतरवा आणि चारही मोटारींना हात लावून पाहा. एकच मोटार जास्त तापली असेल तर तिचा दांडा वाकला असण्याची शक्यता आहे.

प्रश्न (पादऱ्याजवळून) : मला हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना आहे. शेतावर ४० मीटर पट्ट्याची तारेची अँटेना दोन झाडांमध्ये ताणायची आहे. झाडावर चढायला माणूस मिळत नाही. २४९ ग्रॅमच्या ड्रोनने दोर पलीकडे नेता येईल का?

उत्तर : येईल, आणि लहान ड्रोनच्या कामांत आम्हाला हे सर्वांत उपयोगी वाटतं. दोर नाही, आधी दोरा न्यायचा. ०.२५ मिलिमीटरचा मासेमारीचा नायलॉन ६० मीटर घेतला तरी त्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतं. टोकापासून अडीच मीटरवर १५ ग्रॅमची वाळूची पुरचुंडी बांधा. पतंगाचा मांजा वापरू नका. काच लावलेला दोरा पात्याला आणि हाताला दोन्हीला कापतो.

खरी अडचण दोरा सुटण्याची असते. फिरकीवरून सोडला तर फिरकीला फिरवण्यासाठी ओढ लागते, ती थांबून थांबून झटके देते आणि ड्रोन मागे खेचला जातो. दोरा एक लिटरच्या गुळगुळीत प्लॅस्टिक बाटलीवर गुंडाळा आणि बाटलीचं तोंड ड्रोनच्या दिशेने धरा. मग बाटली फिरत नाही, दोरा टोकावरून वेढा-वेढ्याने निसटतो आणि ओढ जवळजवळ शून्य होते. जमिनीवर सैल पसरलेला दोरा गवतात अडकतो, तो मोह टाळा.

दोरा ड्रोनच्या पोटाशी मध्यभागी हवा. एका पायाला बांधला तर ड्रोन कलतो. पुरचुंडी अडीच मीटर खाली लोंबू द्या. त्याहून जवळ असली तर पात्यांच्या वाऱ्याने सैल दोरा वर उडून पात्यात जातो. जोडणी अशी करा की अडकल्यावर ती आपणहून सुटेल. दोऱ्याचं टोक मास्किंग टेपच्या छोट्या तुकड्याने चिकटवा आणि घरीच तपासा : पातळ प्लॅस्टिक पेल्यात ६० मिलिलिटर पाणी घालून टांगलं तर टेप धरून राहिली पाहिजे, १५० मिलिलिटरला सुटली पाहिजे. सुटत नसेल तर तुकडा लहान करा. खालचा सेन्सर आणि कॅमेरा टेपने झाकला जाऊ देऊ नका.

दोघं माणसं लागतात. एक ड्रोन उडवतो, दुसरा बाटली धरतो. झाडाच्या शेंड्यापेक्षा ५ मीटर वरून पलीकडे जा, झाड संपल्यावर आणखी ८-१० मीटर पुढे जा, मग हळूहळू उतरत पुरचुंडी हाताशी आणा. सरळ खाली वेगाने उतरू नका. ड्रोन स्वतःच ढवळलेल्या हवेत सापडून डगमगतो. सेकंदाला १ मीटरच्या आत राहा. बाटलीवाल्याने पलीकडे येऊन दोरा सोडवला की ड्रोनचं काम संपलं.

दोरा आता शेंड्यातल्या डहाळ्यांवर पडलेला असतो. दोन्ही टोकं आळीपाळीने हलवत तो मनगटाएवढ्या जाडीच्या फांदीपर्यंत खाली येऊ द्या. मग त्याला २ मिलिमीटरची दोरी, तिला ६ मिलिमीटरचा दोर. प्रत्येक गाठीवर टेप गुंडाळून तिला निमुळती करा, नाहीतर ती बेचक्यात अडकते. कडुनिंब, निलगिरी, सरळ वाढलेला आंबा यांवर हे जमतं. पसरलेल्या वडावर जमत नाही. तिथे दोरा २०-२५ मीटर पानांवर आडवा पडून राहतो आणि खाली येतच नाही.

४० मीटर हे लहरीच्या लांबीवरून पडलेलं पट्ट्याचं नाव आहे; त्यातल्या ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या लहरीची तार साधारण २० मीटर येते. एक टोक झाडाला पक्कं बांधा, दुसऱ्या टोकाला कप्पी लावून ३ ते ५ किलोचं वजन लोंबकळत ठेवा. वादळात झाडं दोन वेगळ्या तालांत हलतात, आणि दोन्ही टोकं पक्की असतील तर तार तुटते.

नियमांची एक बारीक गोष्ट लक्षात असू द्या. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. हे वजन सामानासकट धरतात. तुमच्या २४९ ग्रॅमच्या ड्रोनला पुरचुंडी बांधली की तो मायक्रोत जातो. पात्यांची जाळी लावली तरीही. बिनव्यावसायिक वापराला दोन्हींसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण थर्ड पार्टी विम्यातून सूट फक्त नॅनोला आहे.

प्रश्न (दांडिया बाजार) : आमच्या जुन्या वाड्यामागच्या कडुनिंबाचे शेंडे तपकिरी पडलेत. ड्रोनने रोग ओळखता येईल?

उत्तर : ओळखता येणार नाही, पण कुठली फांदी धोक्याची आहे ते कळेल. पावसाळ्यात आणि त्यानंतर कडुनिंबाचे कोवळे शेंडे वाळण्याचा एक बुरशीजन्य रोग भारतात बऱ्याच ठिकाणी आहे. रस शोषणाऱ्या ढेकण्याच्या हल्ल्यानेही शेंडे तसेच दिसतात. वरून दोन्ही सारखेच. वाळलेल्या शेंड्यांमुळे झाड मेलं असं समजून तोडायची घाई नको. वसंतात नवी पालवी फुटते का ते पाहावं. मेलेली फांदी वेगळी दिसते : साल सुटलेली, बारीक काड्या गळून गेलेल्या, कधी बुरशीच्या छत्र्या, कधी पक्ष्यांनी पोखरलेली ढोली.

तुमचा भागही विमानतळाच्या जवळ पडतो, म्हणून आधी नकाशा आणि परवानगी. ते जमलं तर झाडापासून ४-५ मीटर अंतर ठेवून भोवती आठ ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी तीन उंचीवर एकेक फोटो. चोवीस फोटोंत पूर्ण झाड येतं. सकाळी नऊ-दहाची तिरपी उन्हं चांगली, कारण भर दुपारी सगळं सपाट दिसतं. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर हलणारी पानं पुसट येतात. मे महिन्यात असे फोटो काढून महापालिकेच्या उद्यान विभागाला दाखवले तर पावसाआधी नेमकी तीच फांदी उतरवता येते. शेजारच्या गच्च्या आणि खिडक्या चौकटीत येणार असतील तर आधी त्यांना सांगा.

प्रश्न (सावली) : शेतातल्या वडाची उंची आणि घेर मोजायचा आहे.

उत्तर : उंची सोपी. खोडाजवळच्या पातळीवरून, पण मोकळ्यातून उड्डाण करा. कॅमेरा अगदी आडवा, शून्य अंशावर ठेवा आणि वर चढत जा. शेंडा चित्राच्या बरोबर मध्यरेषेवर आला की स्क्रीनवरचा आकडा म्हणजे झाडाची उंची. ड्रोन उंची हवेच्या दाबावरून काढतो, म्हणून एक-दोन मीटरची चूक धरा आणि तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

घेरात, म्हणजे पानांच्या पसाऱ्याच्या रुंदीत, बहुतेक जण एकच चूक करतात. जमिनीवर १० मीटरची पांढरी पट्टी अंथरून वरून फोटो काढतात आणि थेट प्रमाण लावतात. पण पानं जमिनीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतात, म्हणून मोठी दिसतात. समजा ड्रोन ६० मीटरवर आहे, पट्टी २०० पिक्सेल आणि झाड ४८० पिक्सेल दिसतं. वरवर घेर २४ मीटर. झाड सर्वांत रुंद १२ मीटर उंचीवर असेल, तर २४ला ४८ने गुणून ६०ने भागा : खरा घेर १९.२ मीटर. ही दुरुस्ती सोडली तर वड कागदावर पावणेपाच मीटरने वाढतो.

प्रश्न (वाडी) : उत्तरायणात पतंगांचं चित्रण करावं म्हणतो.

उत्तर : कृपया करू नका. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्याच्या आकाशात मांजाखेरीज जागा नसते. पात्याच्या दांड्याला दोन वेढे बसले की मोटार थांबते आणि ड्रोन गर्दीच्या गच्चीवर पडतो. ड्रोनचा खरा उपयोग त्यानंतरच्या आठवड्यात आहे. झाडांवर अडकलेल्या मांजात पक्षी पुढे कित्येक दिवस सापडत राहतात. परवानगी असलेल्या जागी, सकाळी सूर्य पाठीशी ठेवून झाडाच्या बाजूने ६-७ मीटरवरून पाहिलं की दोरा चमकतो. जागा टिपा आणि झेल्याने खालून काढा. जखमी पक्षी दिसला तर ड्रोन लगेच दूर न्या आणि वनविभागाच्या करुणा अभियानाच्या केंद्राला कळवा. ड्रोन जवळ राहिला तर पक्षी धडपडतो आणि दोरा आणखी रुततो.

प्रश्न (अकोटा) : घार ड्रोनवर झेपावते. काय करावं?

उत्तर : घार वरून झेपावते, म्हणून ड्रोन सरळ वर चढवा आणि मग तिथून निघून या. घाबरून खाली आणू नका. त्या झाडावर घरटं आहे असं समजा आणि वीण संपेपर्यंत तिथे जाऊ नका. घारींची वीण हिवाळ्याच्या अखेरीपासून सुरू होते, कावळ्यांची उन्हाळ्यात.

घारीपेक्षा मोठी भीती आग्या मोहोळाची आहे. उंच झाडाच्या आडव्या फांदीखाली काळसर अर्धगोल लोंबताना दिसला की किमान ३० मीटर दूर राहा. माश्या चवताळल्या तर त्या ड्रोनला चावत नाहीत, खाली उभ्या असलेल्या माणसांना चावतात. अकोट्याला लागूनच विश्वामित्री आहे, म्हणून हेही : ड्रोन नदीकाठच्या झाडीत पडला तर तो आणायला पाण्याजवळ उतरू नका. तिथे मगरी आहेत.